लोंगव्याचे आंग आणि १५४ नंबरचा खांब

८ फेब्रुवारी २०२४ रोजी केंद्र सरकारने म्यानमार सीमेवरची मुक्त संचाराची सवलत बंद करणार असल्याचं जाहीर केलं. त्याच्या दोनच दिवस आधी, सगळ्या १,६४३ किलोमीटर सीमेला कुंपण घालणार असं गृहमंत्री अमित शहा यांनी सांगितलं होतं. नागालँडच्या मोन जिल्ह्यातल्या लोंगवा गावात या बातमीचा पहिला अर्थ अगदी साधा होता: हे कुंपण जाणार कुठून? सीमा या गावाच्या कडेने जात नाही, गावातून जाते. आणि गावातून जाताना ती गावाच्या वंशपरंपरागत प्रमुखाच्या, म्हणजे आंगांच्या, घरातूनही जाते.

हे घर तुम्ही कदाचित पाहिलंही असेल. स्वयंपाक एका देशात, झोप दुसऱ्या देशात, अशा मथळ्यांचे मराठी व्हिडिओही पुष्कळ आहेत. बहुतेकांचं कुतूहल तिथेच संपतं. या प्रकरणात घर हा सगळ्यात कमी अडचणीचा भाग आहे, असं माझं मत आहे. घराला दोन दारं असतात आणि राजाला सवलत देणं कोणत्याही सरकारला परवडतं. खरा गुंता गावाच्या शेतांचा, सोयरिकींचा आणि आंगांना मान देणाऱ्या पलीकडच्या गावांचा आहे. तो कळायला आधी आंग म्हणजे काय ते पाहावं लागतं.

सगळ्या नागांचा राजा नसतो

‘नागा’ ही एक जमात नाही. तो अनेक जमातींचा समूह आहे आणि गाव चालवायच्या त्यांच्या पद्धती एकमेकींपासून फार दूरच्या आहेत. कोहिमाच्या बाजूच्या अंगामींमध्ये वंशपरंपरेने हुकूम चालवणारा राजा जवळपास नव्हताच. वडीलधाऱ्यांचं बोलणं आणि कुळाकुळांचा वाद यावर गाव चालायचं. आओंकडे कुळांच्या प्रतिनिधींची सभा होती. सुमींकडे प्रमुख होते आणि तेही वंशपरंपरागत, पण त्यांची मुलं माणसं घेऊन बाहेर पडत आणि नवी गावं वसवून तिथले प्रमुख होत. लोंगवा ज्यांचं गाव, त्या कोन्याकांकडे मात्र आंग होते. त्यातही कोन्याकांचे दोन गट पडतात. थेनकोह गावांत आंगाचा अधिकार सौम्य आणि सभेचा जोर जास्त. थेंडू गावांत आंगाचा शब्द शेवटचा. पुरुषांच्या चेहऱ्यावरचं गोंदणही थेंडूंचंच.

ही विभागणी नीट टिपली ती क्रिस्टोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ या ऑस्ट्रियन मानववंशशास्त्रज्ञाने. १९३६-३७ मध्ये तो वाकचिंग या कोन्याक गावात राहिला होता. आपल्याकडच्या वाचकांना हे नाव गोंडांमुळे ठाऊक असायला हरकत नाही. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात तो निजामाच्या राज्यात अडकून पडला आणि चंद्रपूर-यवतमाळला लागून असलेल्या आदिलाबादमध्ये राजगोंडांबरोबर त्याने काम केलं.

थोरला आंग होण्यासाठी फक्त बाप आंग असून भागत नसे. आई दुसऱ्या थोरल्या आंगाच्या घरची लागे. आंगाला इतर बायका असू शकत आणि असत, सामान्य कुळांतल्याही. पण गादी पट्टराणीच्या मुलाची. बाकीच्या बायकांची मुलं धाकट्या दर्जाची, आणि त्यांच्यापैकी काहींना ताब्यातल्या गावांत धाकटे आंग म्हणून बसवलं जाई. ‘साठ बायकांचा राजा’ असं काहीबाही इंटरनेटवर फिरत असतं, त्याकडे या बाजूने बघावं. आकडा खरा की खोटा यापेक्षा त्या लग्नांचं काम महत्त्वाचं. थोरल्या घराण्याशी लग्न म्हणजे तह. खालच्या कुळाशी लग्न म्हणजे गावातला पाठिंबा. आणि त्यातून झालेले मुलगे म्हणजे उद्याचे कारभारी. थोडक्यात, आंगाचं राज्य नात्यांवर उभं होतं. त्याला नकाशा नव्हता. अमुक गाव आपल्या आंगाचं की नाही, हे ते गाव कुणाला धान्य, डुक्कर आणि कामाचे दिवस देतं त्यावरून ठरे.

मोन, चुई, शांगन्यू, लोंगवा ही अशा थोरल्या आंगांची गावं. आंगाचं घर गावात सगळ्यात लांब, आणि ते शाकारायचं काम सगळ्या गावाचं. पुढच्या भागात मिथुन (ईशान्येकडचा गव्यासारखा पाळीव प्राणी) आणि म्हशींच्या कवट्या, कोरलेले लाकडी खांब, त्यांवर वाघ आणि धनेश पक्षी. शिकारीतला ठरलेला वाटा आंगांकडे जाई. गावकरी त्यांच्या शेतात राबत आणि सणाला आंग गावाला जेवू घालत. काही गावांत सामान्य माणसाने आंगासमोर ताठ उभं राहायचं नाही, असाही रिवाज होता. चेहऱ्यावर गोंदवण्याचं काम आंगाच्या घराण्यातल्या स्त्रिया करत. मात्र ते गोंदण मिळे ते शत्रूचं मुंडकं आणण्याच्या मोहिमेत भाग घेतल्यावर. ती प्रथा इथे १९६०च्या दशकापर्यंत रेंगाळली. म्हणून चेहरा गोंदवलेले पुरुष आता वयोवृद्धच, आणि पर्यटकांचे कॅमेरे त्यांच्यामागे. त्या काळाबद्दल हळवं होण्याचं मला काही कारण दिसत नाही. ज्या गावांनी आंगाला खंडणी दिली, त्यांतल्या काहींनी ती प्रेमाने दिली असेल. पण भीतीने दिली नसेलच असं कुणी म्हणू नये.

गावातल्या तरुण मुलांचं शिक्षण मोरुंगमध्ये होई. प्रत्येक पाड्याचं स्वतःचं मोरुंग, तिथे मुलं झोपायला जात, पहारा देत, गाणी आणि कोरीव काम शिकत. तिथेच मोठ्या झाडाचं खोड पोखरून केलेला नगारा असे. हल्ला, आग, मृत्यू, सण, यांतलं काय घडलंय ते त्याच्या ठोक्यावरून शेतातल्या माणसाला कळे.

डोंगराच्या धारेवर दोघांचाही डोळा

सीमा बरोबर आंगांच्या घरातून जावी हा योगायोग वाटतो. तो तितकासा नाही.

नागा गावं डोंगराच्या धारेवर वसतात. खाली पाणी असतं, जमीन बरी असते, पण हल्ला दिसत नाही. म्हणून गाव वर आणि शेत उतारावर, धारेच्या दोन्ही अंगांना. गावातला सगळ्यात उंच आणि मोक्याचा तुकडा प्रमुखाचा. आता सीमा आखणाऱ्याची गरज बघा. डोंगराळ भागात रेषा आखायची तर सोयीची खूण म्हणजे पाणलोट: पाऊस पडला की पाणी ज्या धारेवरून दोन बाजूंना वाहतं ती धार. गावाने संरक्षणासाठी निवडलेली जागा राज्यांनी आखणीसाठी निवडली, आणि घर रेषेखाली आलं.

रेषेचा इतिहास एकाच झटक्यात घडलेला नाही. ब्रिटिशांनी नागा टेकड्यांचा काही भागच प्रत्यक्ष कारभाराखाली घेतला होता, त्यापलीकडे अधूनमधून लष्करी फेऱ्या तेवढ्या निघत. १९३७ मध्ये ब्रह्मदेश हिंदुस्थानापासून प्रशासकीयदृष्ट्या वेगळा झाला. स्वतंत्र भारत आणि ब्रह्मदेश यांच्यात सीमा करार झाला तो १० मार्च १९६७ रोजी. तोवर नागालँड राज्य होऊन तीन वर्षं झाली होती, पण मोन हा जिल्हासुद्धा नव्हता. तो झाला १९७३ मध्ये. करारानंतर पाहणी पथकं डोंगरांत फिरली आणि खांब रोवत गेली. लोंगव्यात जो आला तो १५४ नंबरचा.

खांब आला म्हणून दुसऱ्या दिवशी काही बदललं नाही, आणि यात दोन्ही सरकारांचा शहाणपणा कमी नव्हता. डोंगरी जमातींना पासपोर्ट-व्हिसाशिवाय सीमेच्या दोन्ही बाजूंना ४० किलोमीटरपर्यंत जाता-येता येई. पुढे परवाने आले, २००४ मध्ये ४० चे १६ किलोमीटर झाले आणि २०१८ मध्ये दोन्ही देशांनी रीतसर करार करून ही पद्धत कागदावर आणली: वर्षभराचा सीमापास आणि एका वेळी दोन आठवड्यांपर्यंत मुक्काम. लोंगव्यासारख्या गावात कुणी रोज पास दाखवत बसलं नाही, हे वेगळं सांगायला नको. रेषा होती, पण ती गावकऱ्यांच्या रोजच्या चालण्याआड येत नव्हती.

मग आंगांची सत्ता गेली कशाने?

बाहेरून बघणाऱ्याला वाटतं की सीमेने आंगांचं राज्य कापलं. क्रम तपासला तर तसं दिसत नाही. सीमेचा फटका बसण्याच्या कितीतरी आधी ही सत्ता आतून पातळ होत गेली होती.

पहिला बदल गावबुढ्यांचा. ब्रिटिशांनी जिथे हात पोचला तिथे गावप्रमुखांना लाल शाल देऊन सरकारचे गावबुढे नेमले. नेमणूक करणारा आला म्हणजे काढून टाकणाराही आला. दुसरा बदल चर्चचा. आओ आणि अंगामींच्या मानाने कोन्याकांत बाप्टिस्ट धर्मप्रसार उशिरा पोचला, पण आज कोन्याक जवळपास सगळे ख्रिस्ती आहेत. आंगाभोवती जो दैवी दरारा होता, पीक आणि पाऊस त्याच्या पुण्याईवर अवलंबून असल्याची जी समजूत होती, तिची जागा रविवारच्या प्रार्थनेने घेतली. मुंडक्यांच्या कवट्या अनेक गावांनी पुरून टाकल्या. एकपत्नीत्वाचा आग्रह आला, आणि लग्नांनी बांधलेल्या राज्याला याचा किती मोठा धक्का बसतो ते वरच्या वर्णनावरून लक्षात येईल. सणातलं बलिदान गेलं. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यातला आओलिंग उरला, तो मुख्यतः नाच, पोशाख आणि पाहुणे यांचा.

तिसरा बदल कायद्याचा, आणि मराठी वाचकाला तो विशेष वाटेल. १९६२ साली आपल्याकडे मुलकी पाटलांचं पद रद्द करणारा कायदा झाला. पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली पाटीलकी संपली आणि कारभार तलाठ्याकडे गेला. त्याच वर्षी संसदेने तेरावी घटनादुरुस्ती मंजूर केली. तीतून आलेलं ३७१-अ कलम सांगतं की नागांचे धार्मिक-सामाजिक आचार, त्यांचा रूढीचा कायदा आणि जमिनीची मालकी यांबाबत संसदेचा कायदा नागालँडच्या विधानसभेच्या ठरावाशिवाय तिथे लागू होणार नाही. एकाच वर्षी एका राज्यात वंशपरंपरेचा अधिकार मोडीत निघाला, आणि दुसऱ्या राज्यातल्या रूढीला घटनेने संरक्षण दिलं.

पण संरक्षण दिलं म्हणजे आहे तसं ठेवलं असं नव्हे. १९७८ च्या नागालँड ग्राम व क्षेत्र परिषद कायद्याने प्रत्येक मान्यताप्राप्त गावाला परिषद दिली. सदस्य गावाने आपल्या रूढीप्रमाणे निवडायचे. वंशपरंपरागत प्रमुख, गावबुढे आणि आंग हे पदसिद्ध सदस्य, मतदानाच्या हक्कासह. या तरतुदीकडे दोन्ही बाजूंनी पाहता येतं. आंगांना निवडणूक न लढता खुर्ची मिळाली, आणि ज्यांचा शब्द एकेकाळी शेवटचा होता त्यांच्या हातात आता एक मत आलं.

पैसा तर तिसऱ्याच वाटेने आला. ग्रामविकास मंडळांची कल्पना १९७०च्या दशकात फेक जिल्ह्यात सुरू झाली. तिथले तेव्हाचे उपायुक्त ए. एम. गोखले हे तिच्यामागे होते. गावाला घरांच्या प्रमाणात निधी आणि खर्च कशावर करायचा ते गावाने ठरवायचं. मंडळात एक चतुर्थांश जागा स्त्रियांना मिळाल्या. ग्राम परिषदांमध्ये स्त्रिया अजूनही विरळाच, तेव्हा हा भाग लहान नाही. रस्ता, पाण्याची टाकी, शाळेचं छप्पर यांचा निधी मंडळातून येऊ लागला की गावकऱ्याला आंगांकडे जावं लागण्याची कारणं कमी होतात.

तरीही आंग उरले आहेत. जमिनीच्या हद्दीचा तंटा, दोन गावांमधलं भांडण, पळून जाऊन केलेलं लग्न, नुकसानभरपाईचा वाद, अशा गोष्टींत त्यांचा शब्द अजून चालतो. लोंगव्याच्या आंगांचं वेगळेपण हे की त्यांना मानणाऱ्या गावांपैकी बरीचशी म्यानमारमध्ये आहेत. म्हणजे ग्राम परिषद कायदा, विकास मंडळ, आमदार, यांनी आंगांची सत्ता जिथे घटवली तो भाग भारतातला. पलीकडच्या लाहे भागात सरकारचा हात दुबळा, रस्ते आणि दवाखाने त्याहून दुबळे. तिथे आंगांचं वजन तुलनेने टिकून राहिलं. २०२४ चा निर्णय नेमका याच नात्यावर येतो.

निर्णय आणि त्याचं वजन

सरकारची बाजू पोकळ नाही. १ फेब्रुवारी २०२१ च्या लष्करी उठावानंतर म्यानमार यादवीत सापडला, निर्वासित मिझोराम आणि मणिपूरमध्ये आले. ३ मे २०२३ पासून मणिपूर पेटलं. सशस्त्र नागा गटांचे तळ पलीकडच्या जंगलात वर्षानुवर्षं आहेत. अफूचा प्रश्न तर लोंगव्याच्या घराघरातला. पलीकडे पिकणारी अफू अलीकडे ओढली जाते आणि चर्चने तिच्याविरुद्ध अनेक वर्षं जीव तोडून काम केलं आहे. उघड्या सीमेचं हे मोल गावानेही मोजलं आहे. गाव निष्पाप आणि दिल्ली दुष्ट, अशी मांडणी मला पटत नाही.

विरोधही तितकाच ठोस होता. कोन्याक संघटनांनी विरोध केला, आणि १ मार्च २०२४ रोजी नागालँड विधानसभेने मुक्त संचार बंद करण्याविरुद्ध आणि कुंपणाविरुद्ध एकमताने ठराव केला. डिसेंबर २०२४ पासून सुधारित पद्धत आली. अंतर १६ वरून १० किलोमीटरवर. ठरलेल्या ठिकाणांहूनच ये-जा. पास आसाम रायफल्स देणार, एका वेळच्या प्रवेशासाठी आणि सात दिवसांपुरता. म्हणजे सवलत पूर्ण गेली नाही, पण आवळली. कुंपणाचं काम मात्र, सुमारे ३१ हजार कोटींच्या मंजुरीनंतरही, डोंगर बघता सावकाशीचंच राहणार.

३७१-अ कलम इथे मदतीला येईल असं अनेकांना वाटतं. ते कलम ‘जमीन आणि तिची संपत्ती’ यांचं रक्षण करतं, पण नागालँडमधल्या. लोंगव्याच्या माणसाचं झूमचं, म्हणजे जंगल तोडून-जाळून केलेल्या फिरत्या शेतीचं, शेत धारेच्या पूर्वेकडच्या उतारावर असेल तर रूढीने ते त्याच्या कुळाचं आहे, भारताच्या घटनेला ते दिसतच नाही, आणि म्यानमारच्या २००८ च्या घटनेनुसार देशातल्या सगळ्या जमिनीची अंतिम मालकी राज्याची. त्याच घटनेने लाहे, लेशी आणि नानयून मिळून नागा स्वयंप्रशासित विभाग केला, पण त्याने अलीकडच्या कुळाचा पलीकडच्या शेतावरचा हक्क सिद्ध होत नाही. त्या शेताचा एकमेव दाखला म्हणजे गावाची आठवण, आणि ती ग्राह्य धरणारं एकमेव न्यायासन म्हणजे आंग आणि त्यांची वडीलमंडळी. नागरिकत्वाचं तेच. गावात दोन्हीकडची ओळख बाळगणारी माणसं असल्याचं उघडपणे बोललं जातं. भारताचा कायदा दुहेरी नागरिकत्व मानत नाही. इतकी वर्षं कुणी विचारलं नाही म्हणून चाललं.

कुंपणाच्या जागेचा प्रश्न आणखी अवघड. बांगलादेश सीमेवर कुंपण साधारणपणे रेषेपासून दीडशे यार्ड आत आहे, आणि त्यामुळे कित्येक शेतं, काही घरं कुंपणाबाहेर भारतातच राहिली. फाटक ठरल्या वेळी उघडतं, ठरल्या वेळी बंद होतं. म्यानमारबाबत तोच नियम लागेल असं नाही. पण लागला, तर लोंगव्यात आंगांचं घरच नव्हे, गावाचा मोठा भाग भारतात राहूनही कुंपणापलीकडे जाईल. आणि बरोबर रेषेवर घातलं, तर गावाचे दोन तुकडे.

माझ्या मते शहाणपणाची वाट गाव हे एकक धरण्याची आहे. गावठाण आणि त्याची दोन्ही उतारांवरची शेतं मिळून एक पट्टा मानावा, तपासणी त्या पट्ट्याच्या बाहेरच्या कडेला करावी, आणि कोण गावचं आहे याचा दाखला ग्राम परिषद व आंग यांनी मिळून द्यावा. आंगांना यात राजा म्हणून आणायचं कारण नाही. सीमेच्या दोन्ही बाजूंची माणसं नावानिशी ओळखणारा आणि दोन्ही बाजूंनी मानलेला दुसरा साक्षीदार या डोंगरावर नाही, म्हणून ते हवेत. याला पूर्वेकडच्या उतारावर म्यानमारचीही संमती लागेल, आणि तिथे सध्या कोणाशी बोलायचं हाच प्रश्न आहे, हे मान्य.

तोवर व्यवहारात सगळ्यात जाच होईल तो सात दिवसांच्या पासाचा. झूमचं शेत म्हणजे सकाळी जाऊन संध्याकाळी परतायचं शेत नेहमीच नसतं. फेब्रुवारी-मार्चमध्ये तोडलेलं जंगल जाळायचं, मग टोकण, मग पावसाळाभर तण काढणं दोनदा-तीनदा, आणि पीक तयार झालं की रानडुक्कर आणि पाखरांपासून राखण. लांबच्या शेतावर खोपटं बांधून माणसं तिथेच राहतात, म्हातारी-पोरांसकट. दर आठव्या दिवशी ठाण्यावर येऊन नवा पास घ्यायचा तर तण काढणारे दोन हात त्या दिवशी शेतावर नाहीत. शिवाय दहा किलोमीटर मोजायचे ते रेषेपासून सरळ, की डोंगराच्या वाटेने? आंगांना मानणारी कितीतरी गावं दहा किलोमीटरच्या पलीकडे आहेत. तिथल्या तंट्याला आंगांनी जायचं, की तंटा करणाऱ्यांनी पास काढून लोंगव्याला यायचं, आणि निवाडा सात दिवसांत झाला नाही तर काय, याचं उत्तर आजवरच्या कुठल्याही परिपत्रकात नाही.